ऊस दरवर्षी बारीक होतोय, पानाची मधली शीर पिवळी पडतेय? खत टाकायच्या आधी हे तपासा

हा प्रॉब्लेम मी इतक्या वेळा बघितलाय की आता कुणी नुसतं "पाणी खत सगळं वेळेवर आहे पण ऊस भरत नाही" म्हणालं तरी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, बेणं, म्हणजे लावणीसाठी तोडलेला ऊस, कुठून आणलं होतं आणि किती वर्षं तेच फिरवताय. बहुतेक वेळा उत्तर येतं की घरचंच आहे, चांगलं बेणं आहे, सात-आठ वर्षं तेच लावतोय. आणि तिथेच गोम असते. उसाला व्हायरस लागला की तो त्या उसाच्या डोळ्यांतही (गाठीवरच्या कोंबात) बसतो, तुम्ही टिपरी (उसाचा तुकडा) तोडून नवीन प्लॉटमध्ये लावली की रोगही सोबत लावला, आणि पुढच्या वर्षी परत त्यातलंच बेणं घेतलं की अजून वाढला. म्हणून हा रोग औषधाने "बरा" होत नाही आणि म्हणूनच तो परत परत येतो.

आधी लक्षणं सांगतो, मग तपासण्या, फुकटातल्या आधी आणि खर्चाच्या शेवटी. कृपया क्रम मोडू नका, कारण मी बघितलेल्या पिवळ्या प्लॉटांपैकी बरेचसे व्हायरसचे निघालेच नाहीत आणि लोक घाबरून चांगला ऊस मोडायला निघाले होते.

काय दिसतं

उसात व्हायरसचे मुख्य दोन प्रकार शेतात भेटतात. एक मोझॅक, दुसरा यलो लीफ म्हणजे पिवळ्या पानाचा रोग.

मोझॅक कोवळ्या पानावर दिसतो. पोंग्यातून नुकतंच बाहेर आलेलं पान घ्या, बुडाकडचा भाग उजेडासमोर धरा, हिरव्या पानावर फिकट हिरवे पिवळसर तुटक तुटक डाग किंवा बारीक रेघोट्या दिसतील, त्यांना ठराविक आकार नसतो. पान जून झालं की हे डाग पुसट होतात, म्हणून खालची पानं बघून "मोझॅक नाही" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

यलो लीफ एकदम वेगळा. वरून साधारण तिसऱ्या ते सहाव्या पानाची मधली शीर खालच्या बाजूने पिवळीधमक होते आणि सुरुवातीला बाकीचं पातं हिरवंच असतं. हे एकदा डोळ्यात बसलं की विसरत नाही. पान उलटं करा, हिरव्या पात्याच्या मधोमध पिवळी पट्टी. काही जातींत वरच्या बाजूने शीर गुलाबी लालसर पण होते. नंतर पिवळेपणा शिरेकडून पात्यात पसरतो, टोकाकडून पान वाळत येतं, वरच्या कांड्या आखूड होतात आणि शेंड्याला पानांचा झुपका तयार होतो. हे सगळं पीक सहा-आठ महिन्यांचं झाल्यावर ठळक दिसतं, पाण्याचा ताण किंवा थंडी पडली की अजून जास्त. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेल्या पिकात, लवकर दिसतं.

तिसरं लक्षण म्हणजे काहीच न दिसणं. यलो लीफचा व्हायरस अंगात असून पान हिरवंगार असणाऱ्या जाती आहेत. ऊस नुसता दरवर्षी थोडा बारीक, थोडा आखूड, आणि वजन घटलेलं. हे सगळ्यात वाईट कारण शेतकरी जमिनीला दोष देत बसतो.

पहिली तपासणी: कुठलं पान आणि पानाचा कुठला भाग (खर्च शून्य)

सकाळी ऊन तिरपं असताना पाठीवर ऊन घेऊन सरीत उभे राहा. नुसतं बांधावरून बघून काही कळत नाही, आत जावं लागतं. आता बघा:

- खालची जुनी पानं सबंध पिवळी, वरची हिरवी: नत्र कमी पडलंय.
- जुन्या पानांच्या कडा आणि टोकं करपलेली: पालाशचा संशय.
- सगळ्यात वरची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या आणि मधल्या रेघा बुडापासून टोकापर्यंत सलग फिकट: हा केवडा, म्हणजे लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत हमखास. कधी कधी पान पार पांढरं पडतं.
- कोवळ्या पानावर तुटक, वेडेवाकडे फिकट डाग: मोझॅक.
- फक्त मधली शीर पिवळी आणि पातं हिरवं: यलो लीफ.
- बेटातून गवतासारखे बारीक, पांढुरके असंख्य फुटवे: ही गवताळ वाढ. लोक याला व्हायरस म्हणतात पण तो फायटोप्लाझ्मा आहे, वेगळा जीव, बेण्यातूनच येतो मात्र.

ही तपासणी का आधी, तर केवडा आणि मोझॅक यात रोज गल्लत होते. मी स्वतः पहिल्या वर्षी मोझॅकला केवडा समजून दोनदा फेरस सल्फेटची, म्हणजे लोहाची, फवारणी केली होती, ऊस ढिम्म हलला नाही, आणि त्या दोन महिन्यांत त्याच प्लॉटमधलं बेणं मी दुसऱ्याला दिलं. याचं आजही वाईट वाटतं. फरक लक्षात ठेवायचा तर एवढाच, केवड्याची रेघ सलग असते, मोझॅकचा डाग तुटतो.

दुसरी: पिवळेपणा शेतात कसा पसरलाय (खर्च शून्य, अर्धा तास)

सखल भागातच पिवळं असेल तर पाणी साचतंय. चुनखडीच्या पट्ट्यातच असेल तर केवडा. तणनाशक मारल्यानंतर पंपाच्या पट्ट्यापट्ट्याने दिसत असेल तर तणनाशकाचा चटका. पण एका बेटात दोन ऊस पिवळे, शेजारचं बेट ठणठणीत, पुढे चार बेटं सोडून परत एक पिवळं, असं विखुरलेलं असेल तर बेण्यातून आलेला रोग समजा, कारण लावताना टिपऱ्या मिसळलेल्या असतात. आणि जिथे एका बेण्याची सरी संपून दुसऱ्या बेण्याची चालू होते तिथे रेघ मारल्यासारखा फरक दिसत असेल तर मग बोलायलाच नको, माती तीच, पाणी तेच, फरक फक्त बेण्याचा.

तिसरी: मुळं आणि एक छोटी फवारणी

दोन पिवळी बेटं आणि एक चांगलं बेट कुदळीने उकरा. मुळं काळी पडून कुजलीत का, हुमणीच्या अळ्या आहेत का बघा. मुळं खाल्लेला ऊसही पिवळा पडतो आणि तो ओढला की सहज उपटून येतो.

मुळं चांगली असतील आणि केवड्याचा संशय असेल तर पाच-सहा सऱ्यांवरच फेरस सल्फेट फवारा, लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ०.५ टक्के. सगळ्या शेतावर नको. आठ-दहा दिवसांत नवीन पानं हिरवी निघाली तर केवडा होता, विषय संपला, बाकीच्या शेताला द्या. काहीच फरक नाही तर खताचा खर्च तिथेच थांबवा. नत्राची कमतरता दिसली नसताना युरियाचा जादा डोस टाकू नका. व्हायरस लागलेल्या उसाला नत्र दिलं की पान थोडे दिवस गडद दिसतं, समाधान वाटतं, वजनात काही येत नाही आणि कोवळ्या लुसलुशीत उसावर मावा मात्र जोरात वाढतो.

चौथी: मावा बघा, पण त्यावर भरवसा ठेवू नका

यलो लीफ पसरवणारा मावा खालच्या पानांच्या मागच्या बाजूला शिरेजवळ बसतो, पिवळसर राखाडी, वसाहत करून. खालची पानं उलटून-पालटून बघा, चिकट काळपट बुरशी असेल तर मावा येऊन गेलाय. हा मावा एकदा व्हायरस घेतला की पुष्कळ दिवस पसरवत राहतो, म्हणून बेणे प्लॉटमध्ये, म्हणजे बेण्यासाठी राखलेल्या उसात, याचा बंदोबस्त करण्यात अर्थ आहे. हा व्हायरस कोयत्यातून किंवा रसातून जात नाही, फक्त मावा आणि बेणं.

मोझॅकचं उलटं आहे. मोझॅकचे मावे बहुतेक उसावर राहतसुद्धा नाहीत, मका ज्वारीवरून उडत येतात, पानात सोंड खुपसून चव बघतात आणि पुढे जातात, आणि तेवढ्या काही सेकंदात व्हायरस सोडलेला असतो. औषध लागून मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. त्यामुळे मोझॅकसाठी मावा मारायच्या फवारण्यांवर पैसे घालवू नका, त्यापेक्षा बेणे प्लॉटशेजारी मका ज्वारी घेऊ नका आणि बांधावरचं गवत काढा.

माव्याचं हे काम १९२० साली ब्रँडिस नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, त्याआधी मोझॅक कसा पसरतो यावरच वाद चालू होते. आणि याच रोगाने त्या काळात लुइझियाना, पोर्तो रिको, अर्जेंटिना इथला ऊस धंदा जवळजवळ बसवला होता, शेवटी जावा बेटावरच्या संकरित रोगसहनशील जाती आणून लावल्या तेव्हा कुठे सावरला. म्हणजे तेव्हाही उपाय बेणं बदलण्याचाच होता.

पाचवी: ऊस चिरा आणि वजन करा

आता कोयता, वजनकाटा आणि जमलं तर हँड ब्रिक्स मीटर (रसातला गोडवा मोजायचं हातातलं यंत्र) एवढं लागतं. पीक दहा महिन्यांच्या पुढचं असू द्या.

आधी जून उसाच्या बुडाकडच्या गाठी उभ्या चिरा, धारदार पात्याने पातळ काप घ्या. गाठीच्या खालच्या भागात नारिंगी लालसर टिंब किंवा स्वल्पविरामासारख्या खुणा दिसल्या तर तो आरएसडी असू शकतो, खोडवा खुजा करणारा रोग. नेहमी दिसतीलच असं नाही. हा पण १९७३ पर्यंत व्हायरसच समजला जायचा, मग कळलं की बॅक्टेरिया आहे. हा फरक पुस्तकी नाही, कारण आरएसडी कोयत्यातून पसरतो आणि ५० अंश गरम पाण्यात बेणं दोन तास ठेवलं की तो पुष्कळसा जातो, यलो लीफ मात्र त्या गरम पाण्याला दाद देत नाही. बेणं प्रक्रिया करून लावलं तरी पिवळं कसं झालं हा प्रश्न मला सतत येतो, त्याचं उत्तर हे आहे. आतून लाल आणि मधे मधे आडवे पांढरे पट्टे, आंबूस वास, असं निघालं तर ती लाल कूज, मग ही पोस्ट सोडा आणि ताबडतोब तज्ज्ञाला बोलवा.

आत काही नसेल तर वजन. एकाच सरीतले, एकाच वयाचे वीस चांगले ऊस आणि वीस पिवळ्या शिरेचे ऊस तोडा, वाढे आणि पाचट काढा, लांबी, कांड्या मोजा, वजन करा, मधल्या कांडीचा रस काढून ब्रिक्स बघा. निवडताना प्रामाणिक राहा, पिवळ्यातला सगळ्यात खराब आणि चांगल्यातला सगळ्यात जाड उचलू नका, सलग येतील तसे घ्या.

समजा चांगले वीस ऊस ३० किलो भरले आणि पिवळे वीस २२ किलो. म्हणजे ३० मागे ८ किलो गेले, प्रत्येक आजारी उसामागे २७ टक्क्यांच्या आसपास घट. आता शेतात चार ठिकाणी शंभर शंभर ऊस मोजून त्यात पिवळे किती ते काढा. शंभरात ४० निघाले तर अख्ख्या प्लॉटची घट जवळजवळ ११ टक्के. हा आकडा हातात आल्याशिवाय मोडायचा की ठेवायचा यावर मी कधीच बोलत नाही. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकात एका जातीत यलो लीफने उत्पादन निम्म्यावर आणलं होतं, पण तेवढं प्रत्येक जातीत होतं असं नाही, जातीजातीत प्रचंड फरक आहे, म्हणून दुसऱ्याच्या शेताची टक्केवारी आपल्याला लावू नका.

वजन का घटतं हे पण समजून घ्या. पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांमधून खाली उसात उतरते, यलो लीफचा व्हायरस नेमका त्याच नळ्यांमध्ये राहतो. साखर पानातच तुंबते, पान काम कमी करायला लागतं, शिरेचा हिरवा रंग जातो, आणि खाली कांडीला पोचायचं ते पोचत नाही. म्हणून ऊस बारीक, कांडी आखूड. मोझॅकमध्ये पानातलं हरितद्रव्यच कमी होतं आणि फुटवे कमी येतात, सुरुवातीपासून लागला तर नुकसान जास्त, मोठ्या उसाला उशिरा लागला तर कमी. दोन्ही एकत्र असतील तर एकट्यादुकट्यापेक्षा वाईट.

सहावी: दोन सऱ्यांची परीक्षा (एक हंगाम जातो, पण सगळ्यात खात्रीची)

पुढच्या लावणीत त्याच शेतात, मधोमध, दोन सऱ्या खात्रीच्या स्वच्छ बेण्याच्या किंवा टिश्यू कल्चर (लॅबमध्ये तयार केलेल्या) रोपांच्या लावा, जात तीच. खत पाणी सगळं सारखं. त्या दोन सऱ्या जोमदार आणि शेजारच्या मरगळलेल्या असतील तर दोष जमिनीचा नाही हे डोळ्यांनी दिसतं. घरातली जुनी माणसं बेणं बदलायला तयार नसतात ना, त्यांना मी काही समजावत बसत नाही, या दोन सऱ्यांत नेऊन उभं करतो.

दुसरी एक सवय लावून घ्या. बेणं आपण आठ-दहा महिन्यांचं तोडतो आणि यलो लीफची लक्षणं नेमकी त्याच वयात किंवा त्यानंतर ठळक होतात. म्हणजे स्वच्छ दिसणारं बेणं तोडून नेतो आणि रोग मागाहून दिसतो. म्हणून बेणे प्लॉटचा एक पट्टा न तोडता उभा ठेवा आणि बाराव्या महिन्यात जाऊन पानं उलटून बघा. आपण काय लावलंय ते तेव्हा कळतं, आणि त्या नवीन प्लॉटमधून पुढे बेणं द्यायचं की नाही ते ठरवता येतं.

सातवी: लॅब

इथून पुढे खर्च आहे आणि इथून पुढे अंदाज नको. एलायझा किंवा आरटी-पीसीआर टेस्टनेच व्हायरसची खात्री होते, पान हिरवं असतानासुद्धा. नमुना म्हणून वाळलेलं पान पाठवू नका. वरून तिसऱ्या पानाचा मधल्या शिरेसकटचा तुकडा, दहा-पंधरा वेगवेगळ्या बेटांचा, निम्मे पिवळे निम्मे चांगले दिसणारे, वेगवेगळ्या कागदी पाकिटात, नंबर टाकून, थंड डब्यात, त्याच दिवशी. शीर यासाठी की यलो लीफचा व्हायरस तिथेच असतो. चांगले दिसणारे पाठवायचे कारण खरा प्रश्न तोच आहे, त्यांच्यात आहे का?

कुठे थांबायचं

बेणे प्लॉट असेल आणि त्यात मोझॅक किंवा गवताळ वाढ थोड्याच बेटांना असेल तर दीड-दोन महिन्यांच्या पिकातच ती बेटं मुळासकट उपटा, नुसती कापू नका, परत फुटतात. महिन्याने परत फेरी मारा. पण बेटं उपटता उपटता प्लॉट विरळ व्हायला लागला तर थांबा, तो आता बेण्याचा प्लॉट राहिला नाही, गाळपाला जाऊ द्या.

यलो लीफला उपटण्याचा फारसा उपयोग नाही कारण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. उभं पीक तसंच वाढवा, पाण्याचा ताण पडू देऊ नका कारण ताणात नुकसान दुप्पट जाणवतं, वेळेवर तोडा, आणि पिवळे जास्त असतील तर खोडवा ठेवू नका.

कृषी विद्यापीठ, ऊस संशोधन केंद्र किंवा कारखान्याच्या ऊस विभागातल्या रोगतज्ज्ञाला बोलवायची वेळ म्हणजे: पाचव्या तपासणीपर्यंत येऊनही कारण सापडलं नाही, किंवा नवीन आणलेल्या जातीत पहिल्याच वर्षी लक्षणं आली, किंवा तुम्ही दुसऱ्यांना बेणं विकता देता. शेवटच्या बाबतीत तर टेस्ट केल्याशिवाय एक टिपरीही बाहेर देऊ नका. व्हायरस मारायची बाटली घेऊन कुणी आलं तर त्याला परत पाठवा, उभ्या उसातला व्हायरस मारणारं औषध नाही. व्हायरस काढायचा मार्ग म्हणजे शेंड्याच्या अगदी टोकाच्या बारीकशा भागापासून टिश्यू कल्चर करून केलेली आणि टेस्ट झालेली रोपं, आणि ते लॅबचंच काम आहे. रोपं घेताना व्हायरस टेस्टचा रिपोर्ट मागा, नुसतं टिश्यू कल्चर आहे म्हणून स्वच्छ असेल असं धरू नका.

आणि रोपं आणली तरी एक गोष्ट राहते जी मी दोन ठिकाणी चुकलेली बघितली. जुना ऊस मोडल्यावर लगेच त्याच शेतात स्वच्छ रोपं लावली, जुन्या बेटांचे राहिलेले बुडखे सरीतून फुटले, पोरं म्हणाली चांगलेच आहेत, नांग्या (सरीतल्या मोकळ्या जागा) भरल्या गेल्या आपोआप, राहू दे. ते फुटलेले ऊस जुन्याच रोगाचे होते आणि त्यांच्यावरून मावा सरळ नवीन रोपांवर गेला. बुडखे वेचून शेताबाहेर काढा, मध्ये एखादं कडधान्य किंवा भाजीपाल्याचं पीक घ्या, त्यात उगवलेला प्रत्येक ऊस उपटा, आणि मगच रोपं लावा, जुन्या उसाच्या प्लॉटपासून जमेल तेवढी लांब.